उभ्या गाडीला काय काय जाणवतं

पाव किलोचा, पाडाला आलेला आंबा गाडीच्या टपापासून चार मीटर उंचीवरच्या फांदीवरून सुटतो. टपावर आदळताना त्याच्यात दहा ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. रात्रीचे दोन वाजलेले असतात. सायरन सुरू होतो, चारही इंडिकेटर उघडझाप करू लागतात, समोरच्या इमारतीत तीन-चार खिडक्यांत दिवे लागतात आणि वॉचमन काठी घेऊन धावत येतो. गाडीजवळ कुणी नसतं. आंबा घरंगळून केव्हाच चाकाखाली गेलेला असतो. सगळे म्हणतात, उगाच वाजला.

पण गजर उगाच वाजत नाही. त्याला काहीतरी जाणवलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते आपल्या कानांना, कातडीला किंवा डोळ्यांना पत्ताही लागणार नाही इतकं बारीक असतं. अडचण वेगळीच आहे. गाडीला चोर कळत नाही. तिला हादरा कळतो, हवेचा दाब कळतो, परत आलेला ध्वनी कळतो, अंगाला आलेला तिरकेपणा कळतो, एखादा स्विच उघडला की मिटला ते कळतं. चोर आला की यांतलं काही ना काही घडतं, एवढ्याच भरवशावर ही सगळी यंत्रणा उभी आहे. तेच सगळं आंब्यानं, उंदरानं, ढोलानं आणि उन्हानंही घडतं.

ही गोष्ट नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांमध्ये ११६ क्रमांकाचा नियम गाडीच्या गजराबद्दलही आहे, आणि त्यात गजर कधी वाजू नये याचीही परीक्षा सांगितली आहे. १६५ मिलिमीटर व्यासाचा, कडक रबरासारखा एक अर्धगोल गाडीच्या पत्र्यावर किंवा काचेवर कुठेही आपटायचा. आघात साडेचार ज्यूलपर्यंत असेल तर गजर गप्प राहिला पाहिजे. एक किलोचं वजन ४६ सेंटिमीटरवरून सोडलं की एवढी ऊर्जा भरते. आपला आंबा तिच्या दुपटीहून जड पडला, म्हणून त्यानं सोसायटी उठवली. आपल्याकडेही वाहनांच्या गजरासाठी वेगळं मानक आहे, आणि अशी मानकं प्रसिद्ध करण्याचं काम पुण्यात वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे आहे. टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना ती इमारत रोज दिसते.

आता हादऱ्याच्या सेन्सरकडे जरा जवळून पाहू. डॅशबोर्डखाली, बहुधा स्टिअरिंगच्या आधाराच्या लोखंडी पट्टीवर, दोन बोटं रुंदीची एक काळी प्लास्टिकची डबी चिकटवलेली असते. तिच्यातून तीन-चार बारीक वायरी निघतात. एका कडेला भोक असतं आणि भोकात पितळी स्क्रू, त्यावर चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक बसेल एवढीच खाच. डबी उघडली की आत चकतीसारखा सिरॅमिकचा पातळ तुकडा दिसतो. तो दाबला, वाकवला किंवा त्याला धक्का बसला की त्याच्या दोन बाजूंमध्ये वीज तयार होते. बॅटरी नाही, तारेचं वेटोळं नाही, चुंबक नाही. नुसता दाब, आणि वीज.

हे पहिल्यांदा दाखवून दिलं ते १८८० साली पॅरिसमध्ये, जाक आणि पिएर क्युरी या भावांनी. दोघेही तेव्हा विशी-पंचविशीच्या आतबाहेर होते. क्वार्ट्झ, टूर्मलिन अशा स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. पुढे मारी क्युरींनी किरणोत्साराचे अतिशय क्षीण विद्युतप्रवाह मोजले तेही याच भावांनी बनवलेल्या क्वार्ट्झच्या उपकरणावर. हाच गुण आपल्या स्वयंपाकघरातल्या खटका दाबायच्या गॅस-लायटरमध्ये आहे. खटका दाबला की आत छोटा हातोडा सिरॅमिकवर आपटतो आणि हजारो व्होल्टची ठिणगी उडते. गाडीतल्या डबीत तेच घडतं, फक्त फार हळुवार. तिथे हाती येतात ते काही मिलिव्होल्ट, आणि तो पितळी स्क्रू ठरवतो की किती मिलिव्होल्टला ओरडायचं.

दुसऱ्या जातीचा सेन्सर मला अधिकच आवडतो. त्यात रबराच्या पट्टीवर एक छोटं चुंबक टांगलेलं असतं आणि शेजारी तांब्याच्या तारेचं वेटोळं. गाडी हादरली की वेटोळं गाडीबरोबर हलतं, चुंबक आपल्या जडत्वामुळे जरा मागे राहतं, आणि दोघांमधल्या त्या फरकानं तारेत वीज उमटते. फॅरेडेनं १८३१ मध्ये सांगितलेला नियम तो हाच. भूकंपाच्या लाटा टिपणारा जिओफोनही याच रचनेचा असतो: स्प्रिंगवर टांगलेलं वजन, चुंबक आणि वेटोळं. ११ डिसेंबर १९६७ ला भूकंप झालेल्या कोयनेच्या परिसरात जमिनीची थरथर सतत टिपली जाते, आणि आज कराडजवळ भूगर्भात खोल छिद्रं घेऊन भूकंपाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळाही आहे. जमिनीचं मन ओळखायला माणसानं जी युक्ती शोधली, तिचंच धाकटं रूप सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाडीत बसलेलं आहे. भूकंपात रस्त्यावरच्या गाड्या एकामागून एक वाजू लागतात यात म्हणूनच नवल नाही. त्या क्षणी त्या आपलं काम अगदी चोख करत असतात.

आणि ढोल? गणपतीत पेठांमधल्या चिंचोळ्या रस्त्यावरून पथक जातं तेव्हा दुतर्फा उभ्या गाड्या वाजत राहतात. ढोलाला कुणी गाडीवर हात ठेवायला सांगितलेलं नसतं. पण आवाज म्हणजे दाबच. १२० डेसिबलचा आवाज म्हणजे हवेच्या दाबात सुमारे २० पास्कलचा चढउतार. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो. मात्र गाडीचा टप दोन चौरस मीटरच्या आसपास असतो, आणि २० गुणिले २ म्हणजे ४० न्यूटन. चार किलोचं वजन टपावर ठेवावं आणि उचलावं, तेही सेकंदाला कित्येक वेळा. ढोलाचा ठोका खालच्या पट्टीतला असतो, आणि मोठे, पातळ पत्रे अशाच सावकाश कंपनांना पटकन साथ देतात. ताशाचा आवाज कानाला जास्त टोचतो. पत्रा मात्र ढोलच हलवतो.

फटाक्याचा हिशेब तर थक्क करणारा आहे. आपल्याकडच्या नियमानुसार फुटल्या जागेपासून चार मीटरवर १४५ डेसिबलपेक्षा मोठं शिखर गाठणारा फटाका चालत नाही. म्हणजे या मर्यादेत बसणारा, कायदेशीर फटाकासुद्धा चार मीटरवर साडेतीनशे पास्कलपर्यंतचा दाब देऊ शकतो. दोन चौरस मीटरच्या टपावर तो सगळीकडे सारखा पडला असं धरलं तर एका निमिषासाठी सत्तरेक किलोचा भार. एक मोठा माणूस टपावर उभा राहिला आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात उतरलाही. सेन्सरला तो माणूसच वाटला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

म्हणून हादऱ्याच्या सेन्सरच्या बाबतीत खरी कारागिरी असते ती जागेची आणि स्क्रूची. डबी पातळ प्लास्टिकवर चिकटवली किंवा वायरीला लोंबकळत सोडली तर ती स्वतःच खडखडते आणि आपल्याच खडखडीला चोर समजते. दरवाजाजवळच्या पातळ पत्र्यावर लावली तर शेजारून गेलेला ट्रकही तिला पुरतो. जाड लोखंडी पट्टीवर घट्ट बांधली की साऱ्या गाडीचा हादरा तिला सारखा पोचतो आणि किरकोळ टकटक वाटेतच विरते. स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचा नाही. मग गाडी लॉक करायची, यंत्रणा स्थिर व्हायला मिनिटभर द्यायचं आणि मुठीच्या मऊ बाजूनं दोन दरवाज्यांमधल्या खांबावर थोपटून बघायचं. बऱ्याच सेन्सरना दोन पायऱ्या असतात. हलक्या धक्क्याला नुसते दोन-चार "चिक चिक", जोराच्या धक्क्याला पूर्ण सायरन. लहान पोरानं चेंडू मारला तर "चिक", काच फोडायला घाव घातला तर बोंब. इतकं जुळलं की स्क्रूला पुन्हा हात लावू नये.

गाडीच्या आतला पहारा वेगळ्याच शास्त्रावर चालतो. महागड्या गाड्यांत छताच्या दिव्यापाशी किंवा दोन दरवाज्यांमधल्या खांबावर जाळीची दोन बारीक छिद्रं दिसतात. एकातून सेकंदाला ४०,००० कंपनांचा ध्वनी बाहेर पडतो, दुसरं ऐकत राहतं. आपला कान २०,००० पर्यंतच पोचतो, म्हणून आपल्याला ती गाडी शांत वाटते. कुत्र्याचा कान मात्र ४५,००० पर्यंत जातो. २० अंश तापमानाला या ध्वनीची तरंगलांबी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास भरते. बंद गाडीतली हवा अशा ध्वनीनं काठोकाठ भरली की ती निवांत हौदातल्या पाण्यासारखी होते: कुणी आत बोट घातलं की तरंग सगळ्या भिंतींना कळतो. आत कुणी हात सेकंदाला एक मीटर वेगानं सेन्सरकडे आणला तर परत येणारा ध्वनी ४०,००० च्या जागी ४०,२३३ वर येतो. तो २३३ चा फरक पकडला जातो. क्रिस्टियान डॉपलरनं १८४२ मध्ये ही कल्पना मांडली ती जोडताऱ्यांच्या रंगांचा विचार करताना. ताऱ्यांसाठी सुचलेलं सूत्र आज मागच्या सीटवरची बॅग सांभाळतं, हे मला दर वेळी नव्यानं विलक्षण वाटतं.

पण या हौदात चोराशिवायही तरंग उठतात. काच दोन बोटं उघडी राहिली तर वारा आत शिरतो. आरशाला लटकवलेली माळ किंवा बाहुली त्या वाऱ्यानं डोलते. घरमाशी सहा-सात मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ त्या ध्वनीच्या तरंगलांबीएवढी. ती छिद्रांसमोर घिरट्या घालू लागली की तिच्यावरून परत येणारा ध्वनी चांगलाच जाणवतो. सर्वांत फसवं ऊन. २० अंशाला ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, ६० अंशाला ३६६. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्ड तापतो, त्यावरची गरम हवा वर चढते, थंड हवा खाली सरकते, आणि प्रत्येक झोताबरोबर ध्वनीचा वेग जागोजागी बदलतो. गाडीत कुणीही नसताना हवाच चालू-फिरू लागते. उपाय सोपे आहेत: काचा पूर्ण बंद, लटकणारं काही नाही, आतला पंखा बंद करूनच लॉक, जमल्यास सावली. गाडीत कुणी थांबणार असेल तर आतला सेन्सर बंद करायचं बटण बहुतेक अशा गाड्यांत असतं. कुत्र्याला मात्र बंद गाडीत ठेवूच नये. गजराचा प्रश्न तिथे फार दुय्यम आहे.

उघड्या छताच्या गाड्यांत हवेचा भरवसा नसतो, म्हणून तिथे मायक्रोवेव्हचे सेन्सर लावतात. त्यांना वाऱ्याचं काही नाही. पण मायक्रोवेव्ह काचेतूनही आरपार जातात, त्यामुळे मर्यादा नीट बांधली नाही तर गाडीशेजारून जाणारा माणूसही आत आल्यासारखा वाटतो.

तिरकेपणाचा सेन्सर माझ्या मते सगळ्यांत अद्भुत. चाकं काढून नेणारा जॅक लावतो, गाडी उचलून नेणारा एक टोक वर करतो. पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेल्या गाडीचं एक टोक सात सेंटिमीटर उचललं की ती दीड अंशाहून थोडी जास्त कलते. हे टिपणाऱ्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सिलिकॉनच्याच बारीक पट्ट्यांवर अधांतरी टांगलेला असतो. त्याच्या कडांना दाते असतात, आणि ते चिपला घट्ट बसवलेल्या दुसऱ्या दात्यांच्या मधोमध उभे असतात. गाडी कलली की गुरुत्वाकर्षण त्या तुकड्याला किंचित एका बाजूला ओढतं, दात्यांमधली फट बदलते आणि त्याबरोबर तिथे साठणारा विद्युतभारही. हा किंचितपणा किती? तुकडा सेकंदाला पाचेक हजार कंपनं करील इतक्या ताठ पट्ट्यांवर बसवलेला असेल, तर एक अंशाच्या कलानं तो ०.१७ नॅनोमीटर सरकतो. सिलिकॉनच्या एका अणूचा व्यास ०.२ नॅनोमीटरच्या जरा वर. एका अणूहून कमी अंतर सरकल्याचं कळतं म्हणून कुणीतरी चाक चोरतंय ते कळतं. गजरात बसणारी असली चिप पिशवीभर भाजीच्या पैशांत मिळते, आणि तशीच एक आपल्या फोनमध्येही आहे.

घाटात, उतारावर गाडी लावली तरी ती वाजत नाही, कारण लॉक करताना असलेला कल हाच ती शून्य धरते आणि पुढचा फरकच मोजते. गडबड होते ती शून्यच हलतं तेव्हा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत गाड्या खाली आणि माणसं वरच्या मजल्यावर असतात. बोट लाटेवर डोलली की खालची एखादी गाडी आपल्याला कुणी उचलतंय असं समजते. मुंबईतल्या उंच इमारतींत गाडी पाळण्यात घालून वर चढवणारं यांत्रिक पार्किंग असतं, तिथेही हेच. चाकातली हवा रात्रभर हळूहळू गेली तरी पहाटे कल बदललेला असतो. आतला सेन्सर बंद करणारं जे बटण आहे, त्यानंच बऱ्याच गाड्यांत कलाचा सेन्सरही त्या एका खेपेपुरता थांबतो. मालकाच्या पुस्तिकेत ते कुठे आहे हे बोटीत चढण्यापूर्वी पाहून ठेवावं.

एवढ्या सूक्ष्म गोष्टींनंतर सांगायला जरा वाईट वाटतं, पण रात्री-अपरात्री वाजणाऱ्या गाड्यांत वारंवार दोषी ठरतो तो साधा बॉनेटचा स्विच. बॉनेट लागलं की दबणारा आणि उघडलं की सुटणारा एक खटका, किंवा कुलपाच्या आतच बसवलेला इवलासा स्विच. कोकणातल्या दमट, खारट हवेत त्याच्या टोकांवर गंज आणि हिरवट थर चढतो. थर चढला की जोड कधी लागतो, कधी सुटतो. रात्री पत्रा गार होऊन आकसला की सुटतो, आणि यंत्रणेला बॉनेट उघडल्याची खबर जाते. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली शिरणारे उंदीर वायरींचं आवरण कुरतडतात, त्याचाही परिणाम हाच. थकलेली बॅटरी तिसरी. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असते. ती १२ च्या खाली घसरू लागली की काही यंत्रणांना वायर कापल्यासारखं वाटतं. बॉनेट आणि डिकी जोरानं लावून बघणं, स्विचची टोकं पुसणं, बॅटरीचे व्होल्ट मोजून घेणं, याला अर्धा तास लागतो, आणि सेन्सरचा स्क्रू फिरवण्याआधी हेच करायला हवं.

तरी एक गोष्ट कोणत्याही दुरुस्तीनं सुटत नाही, आणि ती गणिताची आहे. समजा एका वसाहतीत २०० गाड्या आहेत. समजा वर्षभरात त्यांतल्या दोनच गाड्यांना चोर खरोखर हात लावतो आणि दोन्ही वेळा गजर वाजतो. आणि समजा प्रत्येक गाडी महिन्यातून एकदाच आंब्या-उंदरापायी वाजते. वर्षाला २,४०० गजर खोटे, दोन खरे. बाराशेत एक. सेन्सर उत्तम आहेत, एकही चोर त्यांनी सोडलेला नाही, तरीही गजर ऐकून खिडकीशी न जाणारा शेजारी हिशेबानं बरोबरच ठरतो. चोर दुर्मीळ आणि आंबे पुष्कळ, एवढंच याचं मूळ. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर ठिपका विमानाचा की पक्ष्यांच्या थव्याचा हे ठरवणाऱ्यांपुढे हाच पेच होता. १९५४ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या पीटरसन, बर्डसॉल आणि फॉक्स यांनी त्याला गणिताची बैठक दिली: उंबरठा खाली आणला की खोटे इशारे वाढतात, वर नेला की खरे निसटतात, आणि नुसता उंबरठा हलवून दोन्ही एकदम कमी होत नाहीत. आपला पितळी स्क्रू म्हणजे हाच उंबरठा. न्यूयॉर्कमध्ये लोक या आवाजाला इतके कंटाळले की ट्रान्सपोर्टेशन अल्टरनेटिव्हज् या संस्थेनं २००३ मध्ये काढलेल्या अहवालाच्या नावातच असे गजर निरुपयोगी असल्याचं म्हटलं. तिथल्या कायद्यानं गजर तीन मिनिटांत थांबलाच पाहिजे. ११६ क्रमांकाच्या नियमात तर एका वेळचा सायरन २५ ते ३० सेकंदांचाच.

यातून बाहेर पडायची वाट एकच, दोन वेगवेगळे पुरावे मागणं. काच फुटल्याचं ओळखणारा सेन्सर तेच करतो. दाराची काच तापवून एकदम थंड हवेच्या झोतात गार केलेली असते, त्यामुळे तिची बाहेरची कातडी कायम दाबाखाली आणि आतला गाभा ताणाखाली असतो. कुठे एके ठिकाणी तो समतोल ढळला की तडा सेकंदाला दीड हजार मीटरच्या आसपास वेगानं पळतो. पाऊण मीटर काच अर्ध्या मिलिसेकंदात दाणेदार होते. बारीक माइक आधी आघाताचा खालचा "धप्प" ऐकतो, आणि लगेच पाठोपाठ काचेचा उंच खळखळाट आला तरच ओरडतो. ढोलात नुसता धप्प असतो. बांगड्यांत किंवा किल्ल्यांच्या जुडग्यात नुसता खळखळाट. दोन्ही, त्याच क्रमानं आणि तेवढ्याच अंतरानं, फार क्वचित येतात.

आपली गाडी वारंवार वाजत असेल तर आपणही असाच दुसरा पुरावा जमवू शकतो: वेळ आणि हवा. भर दुपारी उन्हात वाजली तर आतला ध्वनीचा सेन्सर तपासावा. पहाटे गारठ्यात वाजली तर बॅटरी, बॉनेटचा स्विच, चाकातली हवा. जड वाहन गेलं, वीज कडाडली किंवा गारा पडल्या की वाजत असेल तर हादऱ्याच्या डबीची जागा आणि स्क्रू. पहिल्या पावसानंतर सुरू झालं असेल तर दारांचे आणि डिकीचे जोड. कसलाच मेळ लागला नाही तर बॉनेटखाली उंदराची लेंडी आणि कुरतडलेलं आवरण शोधावं. काही गाड्या लॉक उघडल्यावर इंडिकेटर किंवा डॅशबोर्डवरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकवून कुठला सेन्सर वाजला तेही सांगतात. त्या लुकलुकण्याचा अर्थ पुस्तिकेत छापलेला असतो. आठ-पंधरा दिवसांची अशी नोंद कागदावर घेऊन ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलं तर तो सरसकट सायरनची वायर उपटून टाकत नाही, नेमक्या त्या एका सेन्सरला हात घालतो.